फिरतंय, पण पेटत नाही

“फिरतंय, पण पेटत नाही,” रेवणअप्पा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा स्टार्टर ओढला.

बॉनेटखालून कुर्र-कुर्र-कुर्र असा आवाज आला. गाडी जरा थरथरली, आता उठते असं वाटलं, आणि पुन्हा गप्प झाली.

“बॅटरी तर चांगली दिसते,” मुळेसर मागच्या सीटवरून म्हणाले.

“बॅटरी चांगली आहे, सर. माझी तब्येतही चांगली आहे. पण त्यावर सोलापूर येत नाही.”

वैराग मागे पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि मधोमध अप्पांची काळी ॲम्बेसेडर. ऊन कलायला लागलं होतं. त्या संध्याकाळी सोलापुरात राज्य नाट्यस्पर्धेत आमच्या बार्शीच्या मंडळाचं नाटक होतं. पडदा वेळेवर उघडला नाही तर प्रवेश रद्द, असा नियम. सेट, बाकीची नटमंडळी आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळणारा वसंता क्षीरसागर सकाळीच टेंपोने पुढे गेले होते. गाडीत आम्ही चौघं होतो. तेलगिरणीचे मालक आणि आमचे नायक रेवणअप्पा शेटे. चित्रकलेचे शिक्षक मुळेसर, ज्यांनी हे नाटक लिहिलं होतं आणि बसवलंही होतं, त्यांचं पहिलंच. नायिका इंदूताई बिराजदार, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि मी, नगर वाचनालयाचा ग्रंथपाल. नाटकात माझं काम प्रॉम्प्टिंगचं. विंगेत खुर्ची टाकून बसायचं, हातात संहिता, आणि नट अडला की कुजबुजायचं.

मला हे काम फार आवडायचं. नाटकात असायचं आणि कोणाला दिसायचं नाही.

अप्पांना मात्र मी लागायचो. आवाज सिंहाचा, उभं राहणं राजासारखं, पण पाठांतर शून्य. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत मी सांगायचं आणि त्यांनी गर्जायचं. त्यांचा कान माझ्या तोंडाला इतका बांधलेला होता की एका तालमीत मी शेजारच्या पोराला “पंखा बंद कर” म्हणालो, तर बापाच्या मरणाचा शोक करणारे अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले, “पंखा... बंद कर!”

“नीळू,” अप्पांनी आता मला हाक मारली, “तू वाचलंयस ना रे मोटारीचं पुस्तक?”

मी वाचलं होतं. वाचनालयात आलेलं कुठलंही पुस्तक कपाटात लावण्याआधी मी वाचायचोच. पण वाचणं वेगळं. मी म्हणालो, “वाचलंय, पण नीट आठवत नाही. चुकत असेन मी.”

“चूक की! आम्ही तिघं तर न वाचताच चुकतोय.”

बॉनेट उघडलं होतं. मुळेसरांचं मत होतं की इंजिन तापलंय. त्यांनी आपल्या रुमालावर पाणी ओतून तो इंजिनाच्या पेट्रोलपंपावर ठेवला आणि आजाऱ्याच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघावं तसे बघत राहिले. इंदूताई म्हणाल्या, “सर, थर्मामीटर देऊ का?”

एवढ्यात बांधावरून पटका बांधलेला एक शेतकरी आला, मग दुसरा, मग सायकलवरचे दोघं. बघता बघता आमच्याभोवती मेळा झाला.

“तेल हाय का गाडीत?” पहिल्याने विचारलं.

“तेलवाल्याला विचारता?” अप्पा म्हणाले. “आत्ताच वैरागला चहा प्यायला थांबलो, तेव्हा अख्खा डबा ओतलाय.”

ते खरं होतं. अप्पांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला होता. त्यामुळे ते डिकीत पेट्रोलचा हिरवा डबा ठेवत आणि मनाला वाटेल तेव्हा टाकीत ओतत. वैरागला ओततानाही ते कुरकुरले होते, “डबा पुरा भरला नव्हता बघ. पंपावरचा माणूस बोलता बोलता हात मारतो.”

“मग आमच्या हिरीवरच्या इंजनावानी झालं आसंल,” शेतकरी म्हणाला. “त्ये बी नुसतं फिरायचं. म्हसोबाला नारळ फोडला, तवा लागलं.”

“लगेच?”

“न्हाई, मिस्त्री बी आला हुता त्या दिवशी.”

सगळे हसले. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलूनही पाहिली. अप्पा आत बसून गिअर टाकत होते, मागून आठदहा जण आणि मुळेसर. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि थांबली. पटकेवाल्याने खांद्यावरच्या पोत्यातून शेंगा काढून आम्हाला ओंजळ ओंजळ दिल्या. म्हणाला, “खावा. गाडीचं काय, लागंल तवा लागंल.”

मुळेसरांनी घड्याळ पाहिलं आणि शेंगा तशाच खिशात टाकल्या. त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी बॉनेटपाशी गेलो आणि इंजिनाकडे बघतच बोललो, म्हणजे कोणाकडे बघावं लागू नये.

“पुस्तकात असं होतं की... स्टार्टर फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. मग दोन गोष्टी बघायच्या. ठिणगी पडते का, आणि पेट्रोल पोचतं का. दोन्ही असेल तर इंजिनाला पेटावंच लागतं. असं होतं बहुतेक.”

“आधी का नाही बोललास?” मुळेसर म्हणाले.

“कोणी विचारलं नाही.”

“अप्पांनी विचारलं की!”

“तेव्हा खात्री नव्हती.”

“आता आहे?”

“नाही.”

पान्याने प्लग काढला. अप्पांनी तो वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला, मुळेसरांनी स्टार्टर ओढला आणि अप्पा “अगं आई गं!” करून रस्त्याच्या कडेला गेले. ठिणगी उत्तम होती. ती आम्ही प्लगवर पाहिली आणि अप्पांच्या तोंडावरही.

मग पेट्रोल. कार्बोरेटरला येणारी नळी सोडवली. इंदूताईंच्या डब्याचं झाकण घेऊन मी ते नळीच्या तोंडाशी धरलं. स्टार्टर फिरला तशी नळीतून चिळकांडी उडाली. थोडं झाकणात, थोडं माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर. झाकणात पिवळसर केशरी पातळ काहीतरी हललं, पेट्रोलचा वास आला.

“येतंय की तेल!” पटकेवाला म्हणाला.

“काडी लावून बघू का, पेटतंय का?” अप्पांनी खिशात हात घातला.

“खबरदार!” इंदूताई कडाडल्या. “गाडीशेजारी काडी? आज माझी ड्यूटी नाहीये अप्पा, भाजलेल्या माणसाला मी हात लावणार नाही.”

अप्पांनी निमूट हात बाहेर काढला.

ठिणगी होती. पेट्रोल होतं. पुस्तकाप्रमाणे गाडीला सुरू व्हावंच लागत होतं. सगळं परत जोडलं, अप्पांनी स्टार्टर ओढला. कुर्र-कुर्र-कुर्र.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“म्हणजे मी चुकीचं वाचलं असेल,” मी म्हणालो. मला ते अगदी पटलंही. पुस्तक आणि माझ्यात चूक कोणाची, हा प्रश्न मला कधी पडत नसे.

शेवटी बोरांची पोती घेऊन सोलापूरच्या बाजाराला निघालेला एक ट्रक थांबला. पटकेवाल्याने “गाडी ऱ्हाऊ द्या, मी हाय रातभर पिकाच्या पाण्यावर” असा शब्द दिला. मुळेसरांनी डिकी उघडली. आत वसंताची घाईत मागे राहिलेली प्रॉपर्टी होती: कापड मोजायचा गज, कात्री, कापडाचे चार तागे आणि प्रॉपर्टीचा हिरवा डबा. अप्पांचा रिकामा डबा तिथेच टाकून बाकी सगळं आम्ही पोत्यांवर चढवलं.

या दुसऱ्या डब्याचं सांगायला हवं. नाटकात अप्पा तीन भावांपैकी थोरले. कापडाच्या दुकानाची वाटणी करायला धाकटे उठतात, तेव्हा “कोणालाच नाही मिळणार” म्हणून शेवटच्या प्रवेशात ते ताग्यांवर पेट्रोल ओततात आणि काडी ओढतात. काडी पेटली की मिट्ट अंधार आणि पडदा. अप्पांचा हट्ट की डबा हाताच्या सवयीचा हवा, म्हणून वसंताने त्यांच्या डब्यासारखाच डबा आणला. वसंताचं फोटोफ्रेमचं दुकान, पण प्रॉपर्टीत त्याला काही खोटं चालत नसे. डब्यात तो नुसतं पाणी भरत नसे. “पेट्रोलला पेट्रोलचा रंग पाहिजे,” म्हणून हलवायाकडून जिलेबीचा रंग आणून त्यात कालवायचा. शिवाय डब्याचं तोंड पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचा. पुढच्या रांगेला वास गेला पाहिजे म्हणे.

पोत्यांवर बसून अप्पा सगळा रस्ता बोरं खात होते. मुळेसर म्हणत होते, “अप्पा, घसा!” आणि अप्पा म्हणत होते, “सर, घसा माझा, शब्द नीळूचे. तुम्ही उगीच काळजी करता.”

आम्ही पोचलो तेव्हा दुसरी घंटा झाली होती. वसंता दारातच उभा होता. त्याने मुळेसरांच्या हातून गज, तागे, डबा ओढून घेतले आणि पळाला. अप्पा धोतर नेसत नेसत रंगमंचाकडे गेले. मी विंगेतल्या खुर्चीत बसलो, छोटा दिवा लावला, संहिता उघडली. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

नाटक फार छान चाललं. मला असं ठामपणे म्हणता येतं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अप्पा प्रत्येक वाक्य झेलत होते. सभागृह भरलेलं होतं, आणि मुळेसर सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभे होते.

शेवटचा प्रवेश लागला. मी पान उलटलं आणि बाही दिव्याखाली आली. सदऱ्यावर केशरी डाग होता.

पेट्रोलचा डाग उडून जातो. निदान असा झगझगीत केशरी, हलवायाच्या फडक्यासारखा राहत नाही. मी बोट ओलं करून त्यावर चोळून पाहिलं. बोट केशरी झालं.

ठिणगी होती. नळीतून पातळ काहीतरी येत होतं. पण ते पेट्रोल होतं असं आम्हाला कोणी सांगितलं? रंगाने आणि वासाने. आणि रंग आणि वास तर वसंताचे होते. वैरागला अप्पांनी टाकीत ओतलं ते जिलेबीचं पाणी. म्हणजे डिकीत उरलेला डबा...

मी वर पाहिलं. अप्पांनी डब्याचं झाकण उघडलं होतं आणि ते ताग्यांवर ओतत होते. तागे खरे, मागच्या भिंती तरटाच्या, वर पडद्यांच्या झालरी. पुढच्या रांगेत कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “वासपण सोडलाय, बघ.” अप्पांनी डबा फेकला. कमरेची काडीपेटी काढली आणि माझ्या वाक्यासाठी थांबले.

पडदा ओढणारा समोरच्या विंगेत होता. ओरडलो असतो तर सभागृहात धावाधाव झाली असती, आणि अप्पांनी दचकून काडी ओढली असती तर? आणि हे सगळं माझ्या डोक्यातलंच असेल तर? आयुष्यात बहुतेक वेळा असंच निघालं होतं. मुळेसरांचं पहिलं नाटक, आणि मी एका डागापायी ते बुडवणार होतो.

मी जमेल तितक्या जोरात कुजबुजलो, “अप्पा, ते खरं पेट्रोल आहे!”

अप्पांनी छाती फुगवली आणि सभागृहाला ऐकवलं, “ते... खरं पेट्रोल आहे!”

टाळी पडली.

“काडी ओढू नका!”

“काडी ओढू नका!” अप्पा गरजले, आणि कोणी ओढू नये ते प्रेक्षकांकडे बोट करून सांगितलं. दुसऱ्या हाताने ते काडीपेटी उघडत होते.

तेव्हा मला कळलं की मी अप्पांशी बोलूच शकत नाही. मला फक्त त्यांच्या तोंडून बोलता येतं. माझ्यापुढे उघडलेल्या पानावर जे लिहिलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मी संहिता मिटली.

“लक्ष्मी,” मी कुजबुजलो. नाटकात इंदूताई अप्पांची बायको, नाव लक्ष्मी.

“लक्ष्मी!”

“ही काडीपेटी घे माझ्या हातातून.”

“ही काडीपेटी घे... माझ्या हातातून!” अप्पांचा हात आपोआप पुढे झाला. शब्द आला की त्यांचा हात मागोमाग यायचाच.

इंदूताई दारात उभ्या होत्या. त्या प्रवेशात त्यांना एक किंकाळीच होती. पण नर्स ती नर्स. त्यांनी एकदा फेकलेल्या डब्याकडे पाहिलं, नाकपुड्या फुलल्या, आणि त्या तीरासारख्या येऊन काडीपेटी घेऊन पदराखाली लपवत म्हणाल्या, “द्या इकडे! शोभतं का या वयात?” आणि सरळ विंगेत जाऊन ती पाण्याच्या बादलीत टाकून परत आल्या.

अप्पा माझ्या दिशेने कान करून उभे होते. त्यांना आता पुढचं हवं होतं, आणि पुढचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी डोळे मिटले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली होती. त्यातलं एकही त्या वेळी आठवेना. आठवला तो गज. तो ताग्यांशेजारी पडला होता.

“तो गज दे इकडे,” मी म्हणालो. अप्पा म्हणाले. इंदूताईंनी गज दिला.

“आठवतं का गं, तू नवी आलीस तेव्हा या घरात आम्हा तिघा भावांना एकाच ताग्यातले सदरे असायचे. आई म्हणायची, माप वेगळं असलं तरी चालेल, कापड एक पाहिजे.”

अप्पांचा आवाज खाली आला होता. ते गर्जत नव्हते. ऐकत होते आणि बोलत होते.

“धाकट्याचा सदरा फाटला की मधल्याचा त्याला. मधल्याचा फाटला की माझा त्याला. माझा फाटला की मला कोणाचा नाही. तेव्हा मी रडायचो, की मीच का थोरला. आज ते दोघं वाटणी मागतायत, आणि मी पुन्हा तेच रडतोय बघ, थोरला असल्याचं.”

सभागृहात कोणीतरी नाक ओढलं.

“बोलाव त्यांना. म्हणावं, वाटणी घ्या. दुकान घ्या, गल्ला घ्या. फक्त एक तागा मधे ठेवा. दर दिवाळीला त्याच्यातनं तिघांचे सदरे निघतील. माप मी घेईन.”

एवढं बोलून मला काही सुचेना. अप्पांनी वाट पाहिली. मग त्यांनी न सांगता एक गोष्ट केली. गज उचलला आणि हवेत, जणू समोर लहान भाऊ उभा आहे, तसा त्याच्या खांद्याचं माप घेतलं.

समोरच्या विंगेतल्या माणसाला अंधार करायचा की पडदा ओढायचा कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

टाळ्या चालू असतानाच मुळेसर विंगेत शिरले. ते धावत आले होते. “नीळकंठ! माझा शेवट! माझा शेवट कुठे गेला?”

मी नुसती बाही पुढे केली. त्यांना कळलं नाही. पण वसंताला कळलं. तो धावत ताग्यांकडे गेला, एक उचलून हुंगला आणि तिथेच खाली बसला. मग उठून त्याने आणि इंदूताईंनी सगळे तागे मागच्या अंगणात ओढून नेले, जमिनीवर वाळू टाकली.

अप्पांनी धोतराच्या सोग्याला हात लावला, हात नाकाशी नेला.

“नीळू,” ते म्हणाले, “मी जी काडी ओढणार होतो...”

“हो.”

“आणि तुला नक्की माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो. “मला वाटलं, माझंच चुकत असेल.”

मुळेसर प्रॉपर्टीच्या ट्रंकेवर बसून राहिले होते. तिथूनच म्हणाले, “सदऱ्यांचं... बरं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एस्.टी.ने त्या ज्वारीत उतरलो. पटकेवाला खरंच गाडीपाशी होता. बॉनेटवर त्याने टॉवेल वाळत घातला होता. वसंता मान खाली घालून गाडीखाली शिरला आणि त्याने टाकीचं बूच काढलं. रस्त्याकडेच्या मातीत जिलेबीच्या रंगाचं तळं झालं.

“आगं माय,” पटकेवाला म्हणाला, “गाडीला सरबत पाजलंय व्हय!”

नळ्या, कार्बोरेटर, सगळं पुसून काढलं. नाटकातल्या डब्याच्या तळाशी उरलेलं खरं पेट्रोल टाकीत गेलं. अप्पांनी स्टार्टर ओढला. कुर्र-कुर्र. मग एक ठसका, मग दुसरा, आणि इंजिन धडधडत लागलं. पटकेवाल्याने टॉवेल उचलून ओवाळल्यासारखा फिरवला.

“पुस्तक बरोबर होतं रे तुझं,” अप्पा म्हणाले.

गाडी बार्शीकडे लागली. मुळेसरांनी खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. “नीळकंठ, ते कालचं सगळं सांग पाहू. संहितेत घालतो. नाटक पुढे करायचं तर आता तोच शेवट.”

मी आठवायला लागलो. खरंच काही आठवेना. सदरे, तागा, आई. त्यापुढे सगळं धूसर. “विसरलो, सर,” मी म्हणालो. “तसं ते काही विशेषही नव्हतं.”

मुळेसरांनी हताशपणे पेन्सिल खाली केली.

तेवढ्यात पुढून, गिअर बदलता बदलता, आवाज आला.

“आठवतं का गं, तू नवी आलीस तेव्हा या घरात आम्हा तिघा भावांना एकाच ताग्यातले सदरे असायचे...”

अप्पा बोलत होते. नजर रस्त्यावर, दोन्ही हात चक्रावर. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. ज्या माणसाला स्वतःच्या नावानंतरचं वाक्य सांगावं लागायचं, तो शेवटपर्यंत बोलला, गल्ला, दिवाळी, माप, सगळं. इंदूताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मुळेसर भराभर लिहून घेत होते.

“माप मी घेईन,” अप्पा म्हणाले आणि थांबले. मग आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने.

“पुढचं सांग, नीळू.”

“पुढचं नाहीये, अप्पा. एवढंच होतं.”

“मग लिही की,” ते म्हणाले आणि त्यांनी गाडी जोरात सोडली.